न घडलेल्या दंगलीचा अभ्यास

करार कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला न्यायमूर्ती दिनशा पिरोशा मादन हे नाव केव्हा ना केव्हा भेटतेच. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन विरुद्ध ब्रोजोनाथ गांगुली या खटल्यातला 1986 चा निकाल त्यांनी लिहिला. कायम कर्मचाऱ्यालाही तीन महिन्यांची नोटीस देऊन, कारण न सांगता, घरी पाठवण्याचा अधिकार एका सरकारी महामंडळाने नोकरीच्या नियमांत स्वतःकडे ठेवला होता. दोन पक्षांच्या ताकदीत इतकी तफावत असताना दुबळ्याच्या गळ्यात घातलेली अशी अट कायद्यात टिकत नाही, असे मादन यांनी त्या निकालात सांगितले. निकाल गाजला, पाठ्यपुस्तकांत गेला, परीक्षेतल्या प्रश्नांत गेला. याच मादन यांनी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती असताना भिवंडी, जळगाव आणि महाड इथे मे 1970 मध्ये झालेल्या दंगलींची चौकशी केली होती. त्यांच्या आयोगाने कित्येक वर्षे साक्षी नोंदवल्या आणि अनेक खंडांचा अहवाल सरकारला दिला. महाराष्ट्रातले एखादे गाव कसे पेटते, हे इतक्या बारकाईने उलगडणारे दस्तऐवज फार थोडे आहेत. गांगुली निकाल वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी हा अहवाल उघडून पाहणारे मात्र विरळा, कारण अभ्यासक्रम त्यांना तिकडे पाठवतच नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर कायद्याच्या शिक्षणपद्धतीतच आहे. हे शिक्षण छापील निकालांवर उभे आहे. वाद कोर्टात गेला, वरपर्यंत पोचला, त्यावर निकाल झाला आणि तो निकालांच्या खंडांत छापला गेला, की त्याला ज्ञानाचा दर्जा मिळतो. चौकशी आयोगाचा अहवाल 1952 च्या कायद्याखाली तयार होतो आणि तो कुणावर बंधनकारक नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये रामकृष्ण दालमिया प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. म्हणून तो वर्गात पूर्वदाखला म्हणून चालत नाही. पण अडचण याहून खोल आहे. दंगल घडली तर निदान आयोग बसतो, खटले उभे राहतात, कागद तयार होतो. दंगल टळली तर यांतले काहीच होत नाही. मग तंटा निवारणाच्या शास्त्रातले जे सर्वांत मोठे यश, तेच या शास्त्राच्या अभ्यासकांच्या नजरेआड राहते. भिवंडीच्या बाबतीत नेमके हे घडले आहे. 1970 आणि 1984 मध्ये पेटलेले हे गाव डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना शांत राहिले. मध्यस्थी हा विषय आज आपल्या विधी महाविद्यालयांत सक्तीचा आहे, आणि त्याचा आपल्या मातीतला सर्वांत मोलाचा धडा याच गावात आहे, असे माझे ठाम मत आहे.

कामवारी नदीकाठची भिवंडी यंत्रमागांवर जगते. कोकणी मुसलमानांची इथली वस्ती जुनी. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे माग बसवले, तेलंगणातून पद्मशाली आले, सूत आणि कापडाच्या व्यापारात मारवाडी-गुजराती पेढ्या आल्या आणि भोवतीच्या खेड्यांत आगरी, कुणबी, आदिवासी होतेच. शिवाजी महाराजांनी कल्याणबरोबर हे ठाणे 1657 मध्ये स्वराज्यात आणले. त्यांच्या जयंतीची सार्वजनिक मिरवणूक इथे 1960 च्या दशकात निघू लागली आणि दरवर्षी तेच प्रश्न पुढे येऊ लागले : मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, मशिदीवरून जाताना गुलाल उधळायचा की नाही, कोणत्या घोषणा द्यायच्या. 7 मे 1970 ला तिथीप्रमाणे निघालेल्या मिरवणुकीवरून दंगल पेटली, दुसऱ्या दिवशी जळगावात भडकली, महाडलाही झळ पोचली. तिन्ही ठिकाणी मिळून दीडशेहून अधिक माणसे मेली. मेलेल्यांत मुसलमान फार मोठ्या संख्येने होते. मादन आयोगाने त्या एका दिवसापुरते पाहिले नाही. आधीच्या वर्षांत दोन्हीकडच्या संघटनांनी हवा कशी तापवली, पोलिसांना काय माहीत होते, त्यांनी काय केले आणि काय टाळले, आणि दंगलीनंतरच्या तपासात पोलिसांच्याच एका पथकाने एकाच समाजाविरुद्ध पक्षपात कसा केला, हे सारे अहवालात आहे. आयोगापुढे दिलेले निवेदन खोट्या साक्षीचा खटला सोडला तर साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही, अशी 1952 च्या कायद्यातच तरतूद आहे. फौजदारी खटल्यात ज्या गोष्टी कधी नोंदल्या जात नाहीत, त्या अशा चौकशीत का नोंदल्या जातात, याचे एक कारण या तरतुदीत सापडते.

आता हाच प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्यापुढे ठेवला तर तो काय उत्तर देईल ते पाहू. प्रिव्ही कौन्सिलचा मंझूर हसन विरुद्ध मुहम्मद झमान हा 1924 चा निकाल त्याला आठवेल. मुसलमानांतल्याच दोन पंथांतल्या त्या वादात असे ठरले की सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क सर्वांना आहे, फक्त इतरांच्या वहिवाटीला अडथळा होऊ नये आणि दंडाधिकाऱ्याच्या कायदेशीर आदेशांचे पालन व्हावे. मग तो जमावबंदीच्या जुन्या कलम 144 कडे वळेल, नागपूरच्या गिरणी कामगारांच्या तंट्यातून आलेला बाबुलाल पराते यांचा 1961 चा निकाल सांगेल आणि मधू लिमये यांच्या याचिकेवरचा, भिवंडीच्या दंगलीनंतर काहीच महिन्यांनी, ऑक्टोबर 1970 मध्ये आलेला निकाल सांगेल. ही सगळी उत्तरे बरोबर आहेत. मिरवणूक काढणाऱ्यांचा रस्त्यावर हक्क होता, मशिदीतल्यांचा शांततेने नमाज पढण्याचा हक्क होता आणि दंडाधिकाऱ्याला दोघांना आवरण्याचा अधिकार होता. पण 1970 च्या मे महिन्यात भिवंडीपुढचा प्रश्न हक्क कुणाचा हा नव्हताच. एकमेकांवरचा विश्वास पार आटलेली दोन माणसे उद्या सकाळी एकाच गल्लीत कशी राहणार, हा होता. हक्कांची वाटणी सांगणारा कायदा या प्रश्नाच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो. त्यापुढचे कसब कोणते आणि ते कसे शिकवायचे, हे पाहणे तंटा निवारण शिकवणाऱ्यांचे काम आहे.

बोलणी झाली नव्हती असेही नाही. सण जवळ आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बोलवायची, दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी सलोख्याचे आश्वासन द्यायचे, ही महाराष्ट्रातल्या शहरांची जुनी रीत आहे. 1970 पूर्वीच्या भिवंडीतही ती होती. या रीतीतला दोष मध्यस्थीच्या प्रत्येक वर्गात सांगण्यासारखा आहे. समितीवर बसणारे लोक आपापल्या समाजाचे पुढारी असतात आणि त्यांचे पुढारपण बऱ्याचदा भांडणावरच पोसलेले असते. दुसरे म्हणजे, बैठक तणाव वाढल्यावर होते. त्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेली माणसे सर्वांत कठीण विषयावर पहिल्यांदा बोलायला बसतात. तिसरे, बैठकीत ठरलेले गल्लीपर्यंत पोचवायला कुणी नसते. 1984 मध्ये हे पुन्हा दिसले. त्या वर्षी शिवजयंतीची मिरवणूक गेली, सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्यानंतर मेच्या मध्यावर झेंडे लावण्यावरून उसळलेल्या वादातून भिवंडी पेटली. आग ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत पसरली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. चौदा वर्षे प्रशासनाचे सारे लक्ष मिरवणुकीच्या दिवसावर खिळले होते. तंटा त्या दिवसाबाहेर वाढत राहिला होता.

सुरेश खोपडे 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. ठाण्याचे आयुक्तालय झाल्याला तेव्हा सातेक वर्षे झाली होती. त्यांनी शांतता समितीची रचना मुळातून उलटी केली. गावाचे भाग पाडून प्रत्येक मोहल्ल्याची वेगळी समिती केली आणि अशा सत्तरच्या आसपास समित्या उभ्या राहिल्या. सदस्य निवडताना पुढारी आणि गुंड, दोघांनाही बाजूला ठेवले. कारागीर, दुकानदार, शिक्षक, फेरीवाले, कामगार अशी रोज त्याच गल्लीतून जाणारी-येणारी माणसे घेतली आणि दोन्ही समाज बरोबरीने बसतील हे पाहिले. समितीची जबाबदारी त्या भागातल्या कनिष्ठ पोलिसावर टाकली, म्हणजे ज्याच्याकडे लोक एरवी भीतीने पाहत त्या हवालदारावर. आणि बैठका सणाची वाट न पाहता वर्षभर होत राहिल्या. त्यांत दंगलीचा विषय क्वचितच निघे. नळाचे पाणी, तुंबलेले गटार, घरातली मारहाण, उधारीची भांडणे, पोराटोरांची मारामारी, असले विषय चालत. बारकाईने पाहिले तर ही मध्यस्थीच्या शास्त्रातली फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. छोट्या तंट्यांवर एकत्र काम करता करता माणसांना एकमेकांची पारख होते, कोणाच्या शब्दाला किती वजन आहे ते कळते आणि मोठ्या तंट्याच्या दिवशी अफवा तपासून घ्यायला पलीकडच्या घरात एक ओळखीचा माणूस असतो. खोपडे यांची बदली झाल्यावर गुलाबराव पोळ उपायुक्त असताना बाबरी मशीद पडली. मुंबईत त्या दोन महिन्यांत सुमारे नऊशे माणसे मेली. भिवंडीत समित्यांचे सदस्य पोलिसांबरोबर रस्त्यावर होते, आणि गाव पेटले नाही.

या अनुभवाची दखल कोणी घेतली, तर आधी स्वतः खोपडे यांनी. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे त्यांचे मराठी पुस्तक आहे. मग राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी. हिंदू-मुस्लिम दंगली आणि नागरी जीवन यांवरच्या 2002 च्या त्यांच्या ग्रंथात अलिगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा शहरांच्या जोड्यांचा अभ्यास आहे. रोजच्या साध्या शेजारापेक्षा दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या संस्था दंगल रोखायला जास्त उपयोगी पडतात, हा त्यांचा निष्कर्ष. अशा संस्था जिथे मुळात नाहीत तिथे सरकारी यंत्रणाही त्या उभ्या करू शकते, याचे उदाहरण म्हणून त्यांनी भिवंडीकडे बोट दाखवले. मुंबईत 1994 मध्ये ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे आदींनी मोहल्ला कमिटी चळवळ उभी केली, तिच्यापुढेही भिवंडीचा दाखला होता. पोलीस अधिकारी, एक राज्यशास्त्रज्ञ, काही नागरिक. कायद्याच्या अध्यापकांचा वाटा या यादीत दिसत नाही. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय 1855 चे, आशियातल्या सर्वांत जुन्या विधी महाविद्यालयांपैकी एक, आणि तिथून भिवंडी पन्नास-साठ किलोमीटरवर आहे.

याच काळात विधी महाविद्यालयांत तंटा निवारणाचा विषय शिरत होता, पण दुसऱ्याच दरवाजाने. अमेरिकेत 1976 च्या पाउंड परिषदेत हार्वर्डचे फ्रँक सँडर यांनी कोर्टाला एकच दार असू नये, तंटा पाहून त्याला वेगवेगळी दारे उघडावीत, असे मांडले. 1981 मध्ये रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचे वाटाघाटींवरचे पुस्तक आले आणि जगभरच्या वर्गांत गेले. आपल्याकडे माधव मेनन यांनी बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात प्रात्यक्षिक शिक्षणावर भर दिला, बार कौन्सिल ऑफ इंडियाने 1997 मध्ये चार प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे केले, 2008 च्या नियमांत पर्यायी वाद निवारणाचा पेपर वाटाघाटी, सलोखा आणि लवाद अशा तीन अंगांनी आखून दिला, आणि 2020 मध्ये मध्यस्थी हा स्वतंत्र सक्तीचा विषय झाला. हे सगळे स्वागतार्ह आहे. 2008 च्या नियमांत तर हा पेपर अनुभवी वकिलांनी प्रात्यक्षिकांतून आणि प्रत्यक्ष उदाहरणांतून शिकवावा असे स्पष्ट म्हटले आहे. पण या विषयामागची प्रेरणा मुख्यतः तुंबलेल्या खटल्यांची होती. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 89 जुलै 2002 मध्ये नव्या रूपात लागू झाले ते याच चिंतेतून. त्यामुळे मध्यस्थीचे मोजमापही कोर्टाच्या दप्तरातून किती खटले कमी झाले यावरून होऊ लागले. जो तंटा कधी दप्तरात आलाच नाही, तो या मापात बसत नाही. लवाद कायद्याची कलमे पाठ करण्यात पेपरचा मोठा भाग जातो, कारण लवादावर निकाल आहेत, ग्रंथ आहेत, व्यवसाय आहे. मोहल्ल्यावर यांतले काही नाही.

खरे तर मराठी मुलखाला तंटा निवारणाचे शास्त्र बाहेरून आणण्याची गरज नव्हती. गोतसभा आणि मजालस या जुन्या न्यायसभांचे महजर, म्हणजे निवाड्यांचे कागद, शेकड्यांनी उपलब्ध आहेत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या 1953 च्या इंग्रजी ग्रंथात त्यांची पद्धत नीट लावून दाखवली आहे : वादी-प्रतिवादींनी आपापला करीना, म्हणजे आपल्या बाजूची हकीकत, लिहून द्यायचा, निवाडा मान्य करू असा राजीनामा आधीच द्यायचा, त्यासाठी जामीन उभे करायचे आणि हरणाऱ्याने शेवटी येजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून द्यायचे. काझी, देशमुख, देशपांडे, पाटील आणि बलुतेदार एकाच बैठकीला हजर असल्याच्या नोंदी त्यांत सापडतात. एल्फिन्स्टनने पेशवाईच्या अस्तानंतर 1819 च्या अहवालात पंचायतीचे गुणदोष दोन्ही लिहिले आणि ती शक्यतो टिकवावी असे सुचवले. 1875 मध्ये सुप्याहून सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या दंग्यांनंतर सरकारने 1879 चा दख्खन शेतकरी कायदा केला. सावकाराला शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी सरकारने नेमलेल्या समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याचा दाखला आणावा लागेल, अशी सोय त्यात होती. दाव्याआधीची सक्तीची मध्यस्थी आज नवी म्हणून सांगितली जाते. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत ती जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या पदावर काम केले. दाखला मिळवणे हा पुढे उपचार झाला आणि ती सोय रद्द झाली. तिचे असे का झाले आणि भिवंडीतल्या समित्यांचे तसे का झाले नाही, या दोन प्रश्नांना एकमेकांसमोर ठेवले तर एका सत्राचा उत्तम अभ्यास होईल. माझे उत्तर असे की 1879 चा अधिकारी तंटा आल्यावर दोन अनोळखी माणसांमध्ये उभा राहत होता, आणि त्या दोघांपैकी एकाच्या हातात कर्जाचा कागद होता. मोहल्ल्यातली माणसे तंट्याच्या कितीतरी आधीपासून एकमेकांना ओळखत होती.

यावर आक्षेप येतील आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की भिवंडी शांत राहिली ती धंद्यामुळे. माग मोमीनाचा, सूत मारवाड्याचे, कामगार सगळीकडचे, तर दंगल कोणालाच परवडत नव्हती. पण ही गुंतागुंत 1970 लाही होती आणि 1984 लाही. जी गोष्ट तिन्ही वेळी सारखी होती, ती तिसऱ्या वेळचा फरक कसा समजावणार? कापडाचाच धंदा असलेले सुरत 1992 मध्ये पेटले, हेही इथे लक्षात घ्यावे. दुसरा आक्षेप असा की एका गावाच्या एका प्रसंगावरून सिद्धान्त काढू नये. हे मला मान्य आहे. समित्यांनीच दंगल टाळली असे गणिती पद्धतीने सिद्ध होत नाही. पोलिसांची तयारी, आधीच्या दोन दंगलींची दहशत, अधिकाऱ्यांचा स्वभाव, यांचाही वाटा असणार. पण हा आक्षेप अभ्यास करण्याच्या बाजूने जातो. कोणत्या समित्या चालल्या, कोणत्या कागदावर राहिल्या, बायकांचा सहभाग कुठे होता, भाडेकरू कामगारांना जागा मिळाली का, हे सगळे तपासण्याजोगे प्रश्न आहेत.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. येल विद्यापीठातले ओवेन फिस यांनी तडजोडीविरुद्धचा आपला प्रसिद्ध लेख मे 1984 मध्ये छापला, म्हणजे भिवंडी पेटली त्याच महिन्यात. ताकद असमान असते तेव्हा तडजोड दुबळ्याला महाग पडते, आणि तडजोडीत समाजाला न्यायाचा उच्चार ऐकायला मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. ब्रोजोनाथ गांगुली निकालातली दृष्टी याहून फार दूर नाही. आपल्याकडे जातपंचायतींनी सलोख्याच्या नावाखाली माणसांना वाळीत टाकले, आणि महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. भिवंडीतही ज्यांची माणसे 1970 आणि 1984 मध्ये मारली गेली त्यांना मोहल्ला समितीने न्याय दिला नाही, देऊ शकतही नव्हती. खून हा मध्यस्थीचा विषय नाही. फौजदारी गुन्ह्यांचे खटले 2023 च्या मध्यस्थी कायद्यानेही मध्यस्थीबाहेर ठेवले आहेत आणि ते योग्यच आहे. पण गटाराच्या भांडणात शेजाऱ्यांनी एकत्र बसणे आणि खुन्याला शिक्षा होणे, यांत एक स्वीकारले म्हणून दुसरे सोडावे लागत नाही. दोन्हींची हद्द कुठे आहे, ती विद्यार्थ्याला ओळखता आली पाहिजे. मादन अहवाल आणि मोहल्ला समित्यांचा अनुभव शेजारी ठेवून शिकवले तर ती हद्द जितकी स्पष्ट दिसेल तितकी कुठल्याही पाठ्यपुस्तकातून दिसणार नाही. अहवाल दोष कुणाचा ते नाव घेऊन सांगतो. समिती दोषाचा प्रश्न बाजूला ठेवून उद्याची सोय पाहते.

चौथा आक्षेप 2006 चा. भिवंडीत कोटरगेटजवळ पोलीस ठाण्याचे बांधकाम सुरू झाले, ती जागा कबरस्तानाची असल्याचा दावा पुढे आला आणि त्या जुलैत पोलीस आणि जमाव यांच्यात हिंसा झाली. गोळीबारात दोन माणसे गेली आणि दोन पोलिसांना जमावाने ठार मारले. मग मोहल्ला समित्यांचे काय राहिले, असे विचारले जाते. या घटनेकडे नीट पाहिले तर ती समित्यांच्या रचनेतली मूळ मर्यादा दाखवते. समित्या पोलिसांनी उभ्या केल्या, पोलिसांनी बोलावल्या, पोलिसांनी चालवल्या. जोवर तंटा दोन समाजांमधला होता तोवर पोलीस मध्ये उभे राहू शकले. 2006 मध्ये पोलीस स्वतःच एक पक्ष होते, आणि पक्षकाराने बोलावलेल्या बैठकीत मध्यस्थ कोण होणार? मध्यस्थाची तटस्थता या विषयावर वर्गात जे शिकवले जाते त्याला याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. अशा वेळी पोलिसांबाहेरची, तरीही कायद्याची जाण असलेली एखादी संस्था गावात असणे गरजेचे होते. विधी महाविद्यालयांची कायदा सहाय्य केंद्रे ती जागा घेऊ शकली असती. अशी केंद्रे महाविद्यालयांत असावीत, ही कल्पना कृष्ण अय्यर आणि भगवती यांच्या 1970 च्या दशकातल्या समित्यांपासूनची आहे.

मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे एक प्रकरण आहे. एखाद्या वस्तीची शांतता बिघडवू शकेल असा तंटा, दोन्ही बाजूंची संमती असेल तर, तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे नेता येईल, आणि तिथे झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. 9 ऑक्टोबर 2023 ला या कायद्याची जी पहिली कलमे लागू झाली त्यांत हे प्रकरण नव्हते. बजावता न येणारा समझोता निरुपयोगी, असे वकिली मनाला लगेच वाटेल. भिवंडीचा अनुभव उलट सांगतो. तिथल्या एकाही समितीच्या शब्दामागे हुकूमनामा नव्हता आणि तरी 1992 च्या डिसेंबरात तो शब्द चालला. तो का चालला हे समजून न घेता उद्या तीन-तीन मध्यस्थांची मंडळे नेमली, तर 1879 च्या दाखल्यासारखेच त्यांचे होईल. राज्याच्या तंटामुक्त गाव मोहिमेने 2007 पासून खेड्यांत हे काम मनावर घेतले, पण मिटलेल्या तंट्यांची संख्या आणि बक्षीस यांवर भर पडला की लक्ष कागदाकडे वळते. शिवाय यंत्रमागाच्या, स्थलांतरित कामगारांच्या, दाट वस्तीच्या शहराचे प्रश्न खेड्यासारखे नसतात.

म्हणून ठाणे आणि मुंबईतल्या विधी महाविद्यालयांना एक विनंती आहे. मध्यस्थीच्या पेपरात मादन अहवालातला भिवंडीचा भाग लावावा, त्यातल्या निवडक प्रकरणांचे मराठी आणि उर्दू भाषांतर करून घ्यावे आणि प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांना भिवंडीच्या मोहल्ल्यांत पाठवावे. समित्यांच्या बैठकांच्या पोलीस ठाण्यांतल्या नोंदवह्या जिथे शिल्लक असतील तिथे त्या जपण्यासाठी रीतसर अर्ज करावेत. आणि सर्वांत आधी, त्या समित्यांवर बसलेल्या माणसांच्या मुलाखती नोंदवून घ्याव्यात. 1988 मध्ये जे चाळिशीत होते ते आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी काय केले हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नाही, ते त्यांनाच विचारावे लागेल, आणि त्यासाठी फार वर्षे हातात नाहीत.